मेंदूच्या टीबीनंतरचं वर्ष आणि आमचं दुकान

डिस्चार्ज होऊन घरी आल्याला अकरा दिवस झाले होते. सकाळची साडेनऊची वेळ. शेजारच्या काकू दुकानात आल्या आणि नेहमीच्या सवयीनं एका दमात म्हणाल्या, "अर्धा किलो साखर, पाव किलो तूरडाळ आणि एक कपड्याचा साबण." हे उठले. साखरेच्या डब्यापाशी गेले, पिशवीत साखर भरली, काट्यावर ठेवली. काट्यावर ६८० ग्रॅम आलं. ह्यांनी ते पाहिलं आणि तसेच उभे राहिले. जास्तीची साखर काढली नाही, डाळीच्या पोत्याकडे वळले नाहीत, "अजून काय देऊ?" असंही विचारलं नाही. मी पिठाच्या हातानं बाहेर आले तोवर काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या.

बावीस वर्षं त्या गल्ल्यावर बसलेला माणूस. आठ-दहा वस्तूंची यादी तोंडी ऐकायची, वस्तू काढता काढता बेरीज करायची आणि शेवटचा पुडा बांधायच्या आत रक्कम सांगायची, हे ह्यांचं रोजचं काम. कॅल्क्युलेटर दुकानात होता, पण तो मी वापरायचे.

आमचं किराणा दुकान बार्शीत आहे. २०२२ च्या गणपतीनंतर ह्यांचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी कणकण, जेवणावर वासना नाही. आधी पित्त म्हणून गोळ्या घेतल्या, मग टायफॉइड असेल म्हणून सलाईन लावलं, मग चष्म्याचा नंबर तपासला. तीन आठवडे असेच गेले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, एकाची दोन माणसं दिसायला लागली, आणि रात्री हे मला "आई" म्हणून हाक मारू लागले. पहाटे गाडी करून सोलापूर गाठलं. तिथं पोचल्या पोचल्या फिट आली.

पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात प्रोटीन खूप वाढलेलं, साखर कमी, पेशी जास्त. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी चिकट सूज आणि पोकळ्यांमध्ये पाणी साठलेलं दिसलं. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, म्हणजे टीबी मेनिंजायटिस. डोक्यातलं पाणी कातडीखालून पोटात सोडणारी नळी बसवायचं ऑपरेशन झालं. चौतीस दिवस आम्ही तिथं होतो. दिवाळीही तिथंच गेली. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या वह्यांची पूजा धाकट्या दिरांनी केली. ह्यांच्या हातून ती चुकली असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या डॉक्टरांनी ह्यांचा जीव वाचवला, आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. टीबीची औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळाली, निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणीत नाव नोंदलं गेलं, पोषणाचे महिन्याला ५०० रुपये खात्यात येऊ लागले. (ही रक्कम पुढे १००० झाली.) घरी सोडताना औषधांबद्दल इतकं नीट समजावलं की मी आजही ते झोपेत सांगू शकेन. लघवी लालसर होईल, घाबरू नका. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. डोळ्यांना रंग फिके दिसायला लागले तर लगेच या. ताप, उलट्या, गुंगी आली तर नळी अडकली असेल, थांबू नका.

ह्यांना हात दाबायला लावला, वॉर्डात चालवून पाहिलं. नाव विचारलं, गाव विचारलं, महिना कुठला ते विचारलं. ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मी विचारलं, "दुकानात कधी बसवायचं?" उत्तर आलं, "बरं वाटेल तसं बसू द्या." स्मरणशक्ती, लक्ष, राग, कामधंदा, यांबद्दल डिस्चार्ज कार्डावर एक ओळही नव्हती. मला वाटलं, नाही म्हणजे काळजीचं कारण नसणार.

पुढचे दोन महिने आमच्या घरात कसे गेले ते सांगणं अवघड आहे. हे स्वतःहून काही सुरूच करायचे नाहीत. बादली भरून दिली तर तिच्याकडे बघत पाटावर बसून राहायचे. "अंगावर पाणी घ्या" म्हटलं की घ्यायचे, "साबण लावा" म्हटलं की लावायचे. चहा समोर ठेवला तर गार होईपर्यंत तसाच. आणि मध्येच, काही कारण नसताना, भडका. एकदा मुलीनं वहीवर सही मागितली तर ताट भिरकावलं. ती नववीत होती. त्यानंतर ती बाबांच्या खोलीत जाईनाशी झाली.

सासूबाईंनी बाहेरचं काही असेल म्हणून दोरा आणला. दिरांचं म्हणणं, आजारपणात बसून खायची सवय लागली. माझंही काही वेगळं नव्हतं. एका दुपारी पोती लावून लावून पाठ मोडली होती आणि हे भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा मी म्हणाले, "अजून किती दिवस असं नुसतं बसून राहणार आहात?" हे माझ्याकडे बघत राहिले. उत्तर शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ज्याला स्वतःहून सुरुवात करणं जमेनासं झालंय, त्या माणसाला मी आळशी म्हटलं होतं.

एक गिऱ्हाईक, नाव सांगत नाही, "परवाच दिले की तुमच्याकडे" म्हणालं आणि ह्यांनी मान हलवून खात्यातली ४३०० ची उधारी खोडून टाकली. काहींनी टीबीच्या भीतीनं दुकानात येणंच बंद केलं. ह्यांची छाती साफ होती, थुंकीत जंतू नव्हते, नुसत्या मेंदूच्या टीबीनं दुसऱ्याला काही होत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. मार्गशीर्षातल्या एका एकादशीला हे भगवंत मंदिरात जातो म्हणाले. घरापासून दहा मिनिटांचा रस्ता, लहानपणापासूनचा. दोन तासांनी एक ओळखीचे रिक्षावाले त्यांना घेऊन आले. हे एसटी स्टँडवर बसले होते.

त्या रात्रीपासून मी लिहायला लागले. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर, तारीख घालून. "आज दोनदा जेवले, पहिलं जेवण आठवलं नाही." "गॅस चालू ठेवून बाहेर आले." "मुलीचं नाव बरोबर, इयत्ता चुकीची." कशासाठी लिहितेय हे माहीत नव्हतं. पण पुढे ह्या पानांनीच आमचं काम झालं. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना मी आधी हेच सांगते, लिहून ठेवा. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, आणि त्या पाच मिनिटांत आपला माणूस अगदी ठीक दिसतो.

जानेवारीत तपासणीला गेलो तेव्हा टेबलामागे एक नवीन, तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, "कसं वाटतंय?" हे म्हणाले, "बरंय." मी वही पुढे केली. त्यांनी दोन पानं वाचली, पेन खाली ठेवलं आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगून दार लोटून घेतलं.

मग दहा-पंधरा मिनिटांची एक चाचणी झाली. तीस गुणांची, मराठीतली. आधी पाच शब्द सांगितले, दोनदा म्हणवून घेतले आणि "हे मी नंतर विचारणार आहे" म्हणाल्या. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. हे चटकन म्हणाले, "त्र्याण्णव." मला हायसं वाटलं. मग थांबले. बराच वेळ थांबून विचारलं, "काय वजा करायचं होतं?"

मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. ह्यांनी गोल छान काढला. आकडेही काढले, उजवीकडे थोडी गर्दी झाली, पण बाराच्या बारा आले. मग एक काटा अकरावर नेला, आणि दुसरा दहावर. दहा मिनिटांचा काटा दोनवर जायला हवा, पण "दहा" ऐकलं आणि हात दहाकडे गेला. कागद पुढे सरकवून हे समाधानानं मागे टेकले. मी खिडकीकडे तोंड केलं.

एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हटल्यावर गाय, म्हैस, बैल, पुन्हा गाय, आणि तिथंच थांबले. ते पाच शब्द विचारले तेव्हा एकही आला नाही. पण बाईंनी खुणा द्यायला सुरुवात केली, हा शरीराचा भाग होता, हा रंग होता, तेव्हा तीन शब्द आले. बाईंनी ते वेगळं लिहून ठेवलं.

तीसपैकी १६. शिक्षण बारावीपर्यंत किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. हे दहावी झालेले, म्हणून १७. साधारण २६ किंवा त्याहून जास्त गुण असले तर ठीक मानतात. पण त्या लगेच म्हणाल्या, नुसत्या आकड्यावर जायचं नाही. शाळेत न गेलेल्या माणसाला कागद-पेन्सिलीची चाचणी जड जाते, त्याचे गुण आजार नसतानाही कमी येतात. म्हणून आधीचा माणूस कसा होता ते विचारायचं असतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी दुकानातल्या बेरजांचं सांगितलं. आजारी पडल्यापासून ह्यांच्या आधीच्या आयुष्याबद्दल कुणी विचारायची ती पहिलीच वेळ होती.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. टीबीची चिकट सूज मेंदूच्या तळाशी बसते. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या तिथूनच जातात. त्या आवळल्या की आत रक्त पोचत नाही आणि छोटे छोटे झटके बसतात, फिटचे नव्हे, पक्षाघातासारखे. हातपाय लुळे पडले नाहीत तर ते वरून कुणाला दिसतही नाहीत. पण कामाला सुरुवात करणं, लक्ष धरून ठेवणं, एकामागून एक पायरी घेणं, ह्या सगळ्याच्या वाटा तिथूनच जातात. वर साठलेल्या पाण्याचा दाब वेगळाच. "ताई, हा आळस नाही. स्वभावही बदललेला नाही. ही त्या आजाराचीच खूण आहे."

मी बाहेर येऊन जिन्यात रडले. वाईट वाटलं म्हणून नाही. तीन महिने ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं म्हणून.

त्याच दिवशी त्यांनी जी कारणं दुरुस्त करता येतील ती शोधायला घेतली. नळी नीट चालतेय का, ते पाहायला स्कॅन. रक्तात सोडियम, थायरॉइड, बी-१२. नळी ठीक होती, बी-१२ कमी निघालं. फिटसाठी चालू असलेल्या लेव्हेटिरासिटामनं काहींना चिडचिड होते म्हणून ते बदललं, आणि तीन आठवड्यांत भडके निम्म्यानं कमी झाले. मुलीसमोर ताट भिरकावलं गेलं त्यामागचं एक कारण एक गोळी होती, हे कळायला आम्हाला तीन महिने लागले.

फेब्रुवारीत पुण्याला मेंदूच्या कामाची सविस्तर तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. दोन बैठका, मिळून अडीच तास. मध्ये ह्यांना झोप लागली तेव्हा त्यांनी थांबवलं, उठवलं नाही. थकवा हाही आजाराचाच भाग आहे, म्हणाल्या. त्यांनी ह्यांच्यासमोर कागदावर लांबलचक बेरीज ठेवली, आमच्या ठोक मालाच्या बिलासारखी. ह्यांनी ती एकही चूक न करता केली. मी बघतच राहिले. हिशेब गेलेलाच नव्हता. कानावर पडलेलं मनात धरून ठेवणं गेलं होतं. आणि खुणेवर आलेल्या त्या तीन शब्दांबद्दल म्हणाल्या, "तुमच्या भाषेत सांगते. गोदामात माल आहे. कुठल्या पोत्यात आहे ते सापडत नाही. खूण सांगितली की सापडतो. आपण खुणा लावायच्या."

आमचा दवाखाना मग दुकानातच भरला. महिन्यातून एकदा पुणे, दर बुधवारी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं, पंधरा दिवसांनी सोलापूरला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायचा सराव. बाकी सगळं गल्ल्यावर. आधी वेळ ठरली, दहा ते बारा, त्याच्या पुढे एक मिनिट नाही, मग झोप. दुकानातला टीव्ही बंद. बोलायला येणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगितलं, दहा ते बारा गप्पा नकोत. बरण्यांवर मोठ्या अक्षरात नावं. गिऱ्हाईक म्हणेल ते आधी चिठ्ठीवर लिहायचं, वस्तू काढली की बरोबरची खूण.

आणि काट्याच्या वर एक पुठ्ठा. तो ह्यांच्याच अक्षरात लिहून घ्यायचा, ही पुण्याच्या बाईंची अट होती. त्यावर पाच ओळी. किती द्यायचंय ते मोठ्यानं म्हणायचं. पिशवी ठेवून शून्य बघायचं. हळू भरायचं. आकडा बघायचा, जास्त असेल तर काढायचं. गाठ मारून चिठ्ठीवर खूण करायची. पहिला आठवडा मी कोपराशी उभी राहून प्रत्येक ओळ म्हणायचे, चूक व्हायच्या आत. चुकू देऊन मग सुधारायचं नाही, कारण अशा मेंदूत चूकच घट्ट बसते, असं त्यांनी बजावलं होतं. हे पाळणं मला फार जड गेलं. आपल्याकडे चुकल्याशिवाय शिकत नाही म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात नुसतं पुठ्ठ्याकडे बोट. तिसऱ्यात मी डाळीच्या पोत्यापाशी उभी राहून काम करत असल्याचं दाखवायचे. सहाव्या आठवड्यात पुठ्ठा तेलानं इतका माखला की ह्यांनी स्वतः नवा लिहायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. किती महिन्यांनी ह्यांनी आपणहून काही सुरू केलं होतं!

दिरांनी मायेनं फोनवर स्मरणशक्तीचे खेळ घालून दिले होते. हे त्या खेळात तरबेज झाले. साखरेच्या काट्यावर त्याचा काही फरक पडला नाही. जे काम करायचंय त्याच कामाचा सराव करायला हवा, हे आम्ही असं शिकलो.

एप्रिलमध्ये वेगळंच संकट आलं. हे सुधारू लागले तसं आपलं काय गेलंय ते त्यांना कळू लागलं. रात्री उठून बसायचे. "मी पूर्वीसारखा होणार नाही ना गं?" असं विचारलं एकदा. पुण्याच्या बाईंनी नैराश्याची वेगळी तपासणी केली, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. सासूबाईंनी हे मात्र लगेच मान्य केलं. "तो रडला म्हणजे तो आत आहे," म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टीबीचं वर्षाचं औषध संपलं. कार्डावर "उपचार पूर्ण" लिहून मिळालं. त्याच महिन्यात पुन्हा चाचणी झाली, शब्द वेगळे होते. तीसपैकी २३. घड्याळाचे काटे बरोबर. पाचपैकी दोन शब्द आपोआप, दोन खुणेनं. मोटारसायकल बंदच आहे. बाजारातली ठोक खरेदी मी आणि दीर करतो. बँकेची सही ह्यांची, पण सोबत मी. सरकारी नोकरीत असताना असं काही झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं विसावं कलम आहे, त्या माणसाला कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. दुकानदाराच्या पाठीशी असं कुठलं कलम नाही. मानसशास्त्रज्ञांची फी, थेरपी, गाडीभाडं, सगळं आमच्या खिशातून गेलं. माझे दोन तोडे गेले. त्याचं दुःख नाही, पण ज्या घरात तोडे नाहीत त्यांनी काय करायचं?

आता तालुक्यातून कुणाच्या घरी मेंदूज्वर झाल्याचं कळलं की लोक मला फोन करतात. मी त्यांना सांगते, घरी सोडायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हातपाय पाहिलेत, आता स्मरण आणि लक्षही बघाल का? दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तीन महिन्यांनी पुन्हा करायला लावा, कारण पहिल्या वेळी माणूस गुंगीत असतो. आणि तोवर घरात त्याला कुणी आळशी म्हणू नका. डिस्चार्जच्या दिवशी मला हे एवढंच कुणी सांगितलं असतं तर ते तीन महिने आमच्यावर आले नसते. लेकीनं बाबांच्या खोलीत जायचं सोडलं नसतं. ती आता पुन्हा जाते, पण दारात क्षणभर थांबते, मला दिसतं.

परवा काकू आल्या होत्या. त्यांची सवय काही गेली नाही, एका दमात म्हणाल्या, "एक किलो रवा, पाव किलो गूळ आणि एक उदबत्तीचा पुडा." मी मुद्दाम आतच थांबले. ह्यांनी चिठ्ठी ओढली, मोठ्यानं म्हणत लिहू लागले. "रवा एक किलो. गूळ पाव किलो." पेन थांबलं. पूर्वी इथं सगळंच थांबायचं.

"काकू, तिसरं काय म्हणालात?"

"उदबत्ती."

ह्यांनी लिहिलं. मग रव्याच्या डब्याकडे गेले, पिशवी भरली, काट्यावर ठेवली. काट्यावर १०४० आलं. ह्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि दोन चमचे रवा परत डब्यात टाकला.